पुड्यांचं तोरण: जव्हारमार्गे सरावली

दुकानाच्या पाटीसाठी कुणी सत्यनारायण घालतं, हे मला माहीत नव्हतं. माझी हॉस्टेलमधली मैत्रीण सुरेखा, माहेर पालघरजवळच्या किनाऱ्यावरच्या माहीमचं (मुंबईचं नव्हे), सासर बोईसरजवळच्या सरावलीचं. तिचा फोन आला, "ये गो! दुकानाला नवी पाटी लागली. लाइटवाली हाय. कंपनीने फुकट दिली." फुकट म्हटलं की माझे कान टवकारतात, त्यातून समुद्र आणि ताजे बोंबील. शुक्रवारी पहाटे नाशिकहून गाडी काढली.

रस्ता आधी सांगते, कारण तुम्ही तेच विचारणार. त्र्यंबक, मोखाडा, जव्हार, विक्रमगड, मनोर. वळणं भरपूर, त्यामुळे जव्हारपर्यंत पोट रिकामं ठेवलेलं बरं. तिथे मिसळ खाल्ली, जादा रस्सा न कुरकुरता देतात. या अख्ख्या रस्त्यावर स्वच्छतागृह शोधावं लागतं, पण चकचकीत पुड्यांच्या माळा नसलेली टपरी काही मला दिसली नाही. एके ठिकाणी माळा इतक्या दाट होत्या की दुकानदार आत आहे का, हे हाक मारून विचारावं लागलं. राज्यात गुटख्यावर बंदी आहे, हे टपऱ्यांना बहुधा कुणी कळवलेलं नाही.

मनोरहून पालघरकडे वळलात की वाघोबा खिंडीत काचा वर ठेवा, माकडं हक्काने आत हात घालतात. पुढे उमरोळीवरून बोईसर. कारखान्यांची शिफ्ट सुटायच्या वेळी हा रस्ता टाळा, असं मला सुरेखाने बजावलं होतं. मी अर्थातच त्याच वेळी पोहोचले.

पाटी खरंच झगमगीत होती. दुकानाचं नाव कोपऱ्यात मुंगीएवढं आणि उरलेल्या जागेत गोड सुपारीची पुडी हातात धरून हसणारा गुलाबी ससा. पाटीबरोबर छोटा फ्रीजही मिळाला होता. आता उन्हाळ्यात थंड पेयं विकायची, असं सुरेखाचं स्वप्न. तिचा नवरा कारखान्यात कंत्राटी कामगार, काम कधी असतं, कधी नसतं. तिला झालेला आनंद मला कळत होता.

पूजेला कंपनीचा एजंट आला होता. डोक्यावर रुमाल घेऊन त्याने मनोभावे कथा ऐकली, प्रसाद दोनदा घेतला आणि मग स्वतःच्या हाताने पुड्यांच्या माळा लावायला घेतल्या. सुरेखाने त्या, गेलं वर्षभर लावायची तशा, वरच्या खिळ्याला अडकवल्या होत्या. त्याने काढून चॉकलेटच्या बरण्यांशेजारी खाली लावल्या.

"भाभीजी, बच्चों की हाइट पे लगाइए. ऊपर कौन देखता है?"

मी विचारलं, "मुलांसाठी तंबाखू?"

"राम राम, दीदी! इसमें तंबाखू बिलकुल नहीं है. सिर्फ मीठी सुपारी."

"पण नाव आणि रंग तर तुमच्या पानमसाल्याच्या मोठ्या पुडीचाच आहे. तिच्याबरोबर तंबाखूची पुडी देता ना?"

तो मनापासून हसला. "बच्चे बड़े भी तो होंगे ना, दीदी!"

एवढा दूरदर्शी माणूस मी शिक्षण खात्यातही पाहिलेला नाही. त्यांनी चक्क बालवर्ग उघडला होता, फक्त प्रवेश दुकानातून होता.

दुसऱ्या दिवशी सकाळी सुरेखाची चौथीतली तनू मला ओढतच तिच्या शाळेत घेऊन गेली. 'टाकाऊपासून टिकाऊ' प्रदर्शनात तिचा पहिला नंबर आला होता. दारावर तिचं तोरण लटकत होतं. गोड सुपारीच्या रिकाम्या पुड्या घड्या घालून, एकीत एक गुंतवून केलेलं, उन्हात अगदी जरीसारखं चमकणारं. हात खरंच सुबक आहे पोरीचा. तोरणाच्या वर फलक होता, 'तंबाखूमुक्त शाळा'. दोन्ही एकाच फोटोत आली.

"आता आवारात एक पुडी दिसणार नाही तुम्हाला," बाई अभिमानाने म्हणाल्या. "सगळी मुलं गोळा करतात. तनूचं तोरण तालुक्याला पाठवतोय, अजून मोठं करून."

मीही टाळ्या वाजवल्या. खोटं कशाला बोलू, मला ते आवडलं होतं.

तिथून आम्ही तिघी माहीमला गेलो. पानमळ्यांमधला रस्ता अरुंद आहे, समोरून टेम्पो आला तर मागे जायची तयारी ठेवा. सुरूच्या बनातून किनाऱ्यावर फिरलो आणि एका घरगुती खानावळीत जेवायला बसलो. सकाळी फोन करून सांगून ठेवा, तरच मासे मिळतात. तांदळाची भाकरी, कुरकुरीत बोंबील, लालभडक कालवण. कोळ्यांच्या घरातली नात, पण तनू कालवणाला बोट लावेना.

"तिखट लागतं."

"आधी ओरपायची," सुरेखा म्हणाली. "आता नखरे हायेत."

तनूने नुसत्या भाताचा घास घेतला, तोही चिमणीएवढा. मी तिला बोंबलाचा मोठा तुकडा भरवायला गेले, तर तिचं तोंड पुरेसं उघडेना. गालाला हात लावून ती म्हणाली, "जळतं आत."

मला शाळेच्या दारावरचं तोरण आठवलं. मी विचारलं, "तनू, तोरणाच्या पुड्या रस्त्यावरच्या होत्या ना?"

"रस्त्यावरच्या चुरगळलेल्या असतात, मावशी. त्यांची घडी नाय बसत. मी दुकानातल्या घेतल्या."

"आणि आतली सुपारी?"

तनूने आईकडे पाहिलं. आपण शहाण्यासारखं वागलो, याची तिला खात्री होती. "खाल्ली. आई सांगते ना, अन्न टाकायचं नाय."

सुरेखाच्या हातातली भाकरी ताटात पडली. ती उठून बाहेर गेली आणि पदर तोंडाला लावून रडली. मलाही आवरेना.

घरी पोहोचताच तिने माळा ओरबाडून काढल्या. एजंटला फोन लावला. पुड्या नसतील तर पाटी आणि फ्रीज दोन्ही परत जातील, असं तो अगदी नम्रपणे म्हणाला.

"ने," सुरेखा म्हणाली. "आजच ने."

नाशिकला परतताना मी तोच घाट चढले, पण मिसळीला थांबावंसं वाटलं नाही. तुम्ही मात्र जरूर जा. माहीमचा किनारा शांत आहे, जेवण उत्तम आहे आणि माणसं जीव लावतात.

काही आठवड्यांनी सुरेखाशी बोलले. गुलाबी ससा आता समोरच्या दुकानावर हसतो, गिऱ्हाईकही निम्मं तिकडे गेलं. डॉक्टर म्हणाले, सुपारीनेच तोंड आतून आखडत चाललं होतं, वेळेत आलात, पण सुपारी कायमची बंद. तनू आता थोडं कालवण खाते. मला इतकं हलकं वाटलं की मी तिलाच फोन द्यायला सांगितलं.

"मावशी, माझं तोरण दरवाजाएवढं झालं! तालुक्याला जाणार!"

"अगं, पण तू सुपारी…"

"मी नाय खात. पहिलीतली पोरं खातात," ती समजुतीच्या सुरात म्हणाली. "मी त्यांना सांगितलंय, जो जास्त पुड्या आणेल त्याला तालुक्याला तोरण धरायला देईन."

"तनू," मी म्हणाले, "आईला फोन दे."