निळ्या समुद्राचं नाणं

चांदीच्या पाच रंगीत नाण्यांचा एक संच मी रियाधमध्ये वर्षभर जमवला होता. सौदीच्या एकेका प्रदेशाचं एकेक नाणं. एकावर खजुराची बाग, एकावर मातीच्या घराचा नक्षीदार दरवाजा. पूर्वेकडच्या नाण्यावर मोती काढणाऱ्यांचं गलबत होतं आणि त्याच्याखाली निळा समुद्र.

माझी मुलगी त्याच किनाऱ्यावर, जुबैलला जन्मली. पण इथे जन्मून माणूस इथला होत नाही. तिचं राहणं माझ्या इकाम्यावर, म्हणजे निवासी परवान्यावर. बारावी झाली की ती पुण्याला जाणार. तिने एवढंच मागितलं होतं, "बाबा, वो बोटवाला कॉइन मेरा."

दिवाळीला आई रत्नागिरीहून व्हिजिट व्हिसावर आली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मी ऑफिसातून आलो, तर देव्हाऱ्यापुढे ताटात पाचही नाणी मांडलेली. पांढरीशुभ्र.

"प्लास्टिकच्या डब्यांत लक्ष्मी गुदमरते रे," आई म्हणाली. "आणि कसला तो रंग चढला होता. रांगोळीने घासघासून काढला."

आमच्याकडे चांदी रांगोळीनेच घासतात. लहानपणी मीही घासली आहे. त्यात तिचं काय चुकलं, हे मला सांगता येईना.

गलबताचं नाणं मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवलं. विकत घेतलं तेव्हाही तोललं होतं. वजन तेच भरलं.

बत्हा बाजारातल्या नाणीवाल्याला फोन लावला. "वो सेट तो कब का खलास, भाई," तो म्हणाला. "किसी पेंटर को पकड़ो."

"काय रे, कमी भरलं का?" आईने विचारलं.

"नाही."

"मग चांदी खरी आहे. फसला नाहीस हो."

संध्याकाळी मुलगी पूजेला आली. ताटाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. आईने हळदकुंकू वाहिलेलं ते नाणं कौतुकाने तिच्यासमोर धरलं. "तुला हवंय ना हे? बघ कसं लखलखतंय."

"हां आजी, मस्त," ती म्हणाली आणि आजीच्या पाया पडली.

आई निरांजन लावायला वळली, तेव्हा मुलीने मला हळूच विचारलं, "बाबा, ब्लू कौनसा था? लाइट या डार्क?"

नाण्याचं वजन, व्यास, चांदीची शुद्धता, सगळं मला पाठ होतं. फोटो मात्र कधी काढला नव्हता. मी आठवून पाहिलं. नक्की सांगता येईना.