फ्रेमला धक्का न लागता

कोल्हापूरच्या एसटी स्टँडवर हैदराबादची गाडी लागली तेव्हा दुपारचे चार वाजले होते, आणि माझे वडील, म्हणजे आप्पा, फलाटावर सगळ्यांदेखत माझी ट्रंक उघडून बसले होते. कपडे, चिवड्याचा डबा, बी.एस्सी.ची सर्टिफिकिटं, सगळं बाजूला सारून त्यांनी मधोमध एक पुडकं ठेवलं. वर्तमानपत्राचे चार थर, आत जुन्या चादरीचा तुकडा आणि त्याच्या आत वीतभर आरसा. "कडा घासल्यात," ते म्हणाले. "हाताला लागायच्या न्हाईत." आई मागून ओरडली, "अवं, हैद्राबादेत आरसं मिळत न्हाईत व्हय?" आप्पांनी ट्रंकेचं झाकण लावलं आणि कडी दोनदा ओढून बघितली.

हात हलवून निरोप देणं आप्पांना कधी जमलं नाही. गाडी वळेपर्यंत ते नुसते बघत उभे होते. नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं, मी एकवीस वर्षांची होते आणि दोन वर्षांत परत येणार होते. तुमच्यापैकी जे माझ्यासारखे गाव सोडून गेले, त्यांना ही दोन वर्षं चांगली ओळखीची असतील.

आमचं शिवाजी पेठेत काचेचं आणि फ्रेमचं दुकान होतं. तालमींच्या फुटबॉल टीमचे फोटो, लग्नातली जोडपी, शाळेचे हेडमास्तर, सगळे आमच्याकडे येऊन चौकटीत बसायचे. आजोबांनी छप्पन्न साली बौद्ध धम्म घेतला, त्यामुळे घरी भिंतीवर बुद्धाची तसबीर होती. दुकानात मात्र गिऱ्हाइकांचे तेहतीस कोटी यायचे आणि आप्पा त्या सगळ्यांच्या काचा सारख्याच निगुतीनं पुसायचे. सगळ्यात घाईचं काम मयताचं असायचं. माणूस गेलं की दुसऱ्याच दिवशी घरचं कुणीतरी फोटो घेऊन हजर. तोही बहुतेक वेळा कुठल्यातरी लग्नाच्या ग्रुपमधून कापलेला, खांद्यावर दुसऱ्याचा हात तसाच राहिलेला. आप्पा चिडायचे. "जित्तेपणी एक धड फोटो काढत न्हाईत, आन आता फ्रेम सोनेरी पायजे!" चिडायचे आणि दुपारपर्यंत करून द्यायचे.

हैदराबादला मी एका डोळ्यांच्या दवाखान्यात शिकायला गेले होते. शिकून झाल्यावर तिथल्याच नेत्रपेढीत टेक्निशियन म्हणून लागले. कुणी नेत्रदान करणार असा फोन आला की बॅग उचलायची, त्या घरी जायचं, आणि मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळ्यांवरचा पारदर्शक पडदा काढून आणायचा. तेलुगूत डोळ्यांना ‘कळ्ळु’ म्हणतात, हा मी शिकलेला पहिला शब्द. दुसरं म्हणजे तिथल्या हिंदीतले ‘हौ’ आणि ‘नक्को’, म्हणजे हो आणि नको. ती हिंदी मला आपल्या घरची वाटली. होस्टेलवरच्या पुण्याच्या मुली मात्र माझ्या मराठीला हसायच्या, कारण मी "येतो गं" म्हणून बाहेर पडायचे. आमच्याकडे बायकाही ‘येतो, जातो’ म्हणतात हे त्यांना सांगून सांगून मी दमले, आणि मग कधीतरी ‘येते’ म्हणायला लागले. तेव्हा मला ते प्रगतीचं लक्षण वाटलं होतं.

त्या कामात माझं एका गोष्टीवरून डोकं फिरायचं. घरचे तयार असायचे, गेलेल्या माणसाची इच्छाही असायची, आणि तरी कुणीतरी म्हणायचं, "मुलगा येतोय, त्याला आधी बघू दे." मुलगा दुबईहून नाहीतर अमेरिकेहून निघालेला असायचा. गेलेल्या माणसानं कागदावर सही केलेली असली तरी घरच्यांनी हो म्हटल्याशिवाय आम्ही हात लावत नाही. मग मी घड्याळ बघत कोपऱ्यात उभी. एकदा एका म्हाताऱ्या अम्मांना मी जरा तोडूनच म्हणाले, "अम्मा, देर हो रही है. बेटा आके भी क्या करेगा?" त्या उठून मुलाची वाट बघत दारात जाऊन बसल्या. मी रिकामी बॅग घेऊन परत आले आणि सहकाऱ्यांना वैतागून सांगितलं, की लोकांना कळतच नाही. त्या वेळी मी पंचवीस वर्षांची होते आणि मला सगळं कळत होतं.

आप्पा एकदाच हैदराबादला आले. मी त्यांना नेत्रपेढी दाखवली. छोट्या बाटलीत, गुलाबीसर द्रवात ठेवलेला तो नखाएवढा पडदा त्यांनी चष्मा वर करून बराच वेळ निरखला. मी समजावून सांगत होते, की हा पांढरा पडला की दिसेनासं होतं, मग दुसऱ्याचा काढून तिथं बसवतात. त्यांनी मला मधेच थांबवलं. "म्हंजे काच बदलायची. फ्रेम तीच."

"हो," मी म्हणाले. इतकी वर्षं मी जे तक्ते दाखवून सांगत होते ते एवढंच होतं.

मग त्यांनी कारागिराचा प्रश्न विचारला. "काच काढताना फ्रेमला धक्का लागत न्हाय न्हवं?" मी म्हटलं, नाही, पापण्या मिटल्या की कळतही नाही. त्यांनी मान हलवली आणि नेत्रदानाचा फॉर्म मागितला.

कोल्हापूरला जाऊन त्यांनी फॉर्म भरल्यावर मिळालेल्या कार्डाला फ्रेम केली! घरात बुद्धाच्या तसबिरीच्या खाली, कॅलेंडरच्या शेजारी टांगली. आईनं फोनवर मला झाप झाप झापलं. "जित्या माणसानं सोताला भितीवर टांगून घ्यावं व्हय? आन काय ते, डोळं काढायचा कागुद! पावनं आलं की वाचत्यात." मागून आप्पांचा आवाज, "वाचू देत की. त्यासाठीच लावलंय."

दोन वर्षांची आठ झाली. मी तिथंच लग्न केलं, घर घेतलं, मला मुलगी झाली, आणि तो आरसा मोरीवरच्या भिंतीला लागला. मग एका सकाळी सहाच्या सुमारास दादाचा, माझ्या थोरल्या भावाचा, फोन आला. "आप्पा गेलं," तो म्हणाला. "साडेपाचला. झोपेतच." मी काही बोलायच्या आत तो पुढं म्हणाला, "तू ये. दमानं ये. तू आल्याशिवाय कुणाचा हात लागू देत न्हाय बघ आप्पांना."

याच्याइतकं मायेचं मला आजवर कुणी काही बोललेलं नाही. आणि मी समोरच्या घड्याळात बघून हिशेब केला, साडेअकरा. साडेअकरापर्यंत. मला पोचायला रात्रीचे नऊ वाजणार होते.

खरं सांगते, मी गप्प बसणार होते. दादाच्या ध्यानात नेत्रदान नव्हतंच. मी एक शब्द बोलले नसते तर कुणी मला बोल लावला नसता. मला माझ्या वडिलांचा चेहरा कुणाचा हात लागण्याआधी बघायचा होता. त्या पडद्याचं सगळं मला ठाऊक असूनही बघायचा होता. त्या अम्मा मला तेव्हा आठवल्या. त्यांच्या पाया पडायला हवं होतं.

"दादा," मी म्हणाले, "नेत्रपेढीला फोन कर. कोल्हापूरचा नंबर आप्पांनी कार्डावर लिहिलाय."

"आई ऐकायची न्हाय. आत्ती बी बसल्यात," आत्ती म्हणजे आप्पांची थोरली बहीण, "त्या म्हणत्यात, लेकीला बाप धड दाखवायचा."

"आईला दे."

आई फोनवर आली. अशा वेळी काय बोलायचं, कुठल्या सुरात बोलायचं, हे मी नव्या मुलांना शिकवत होते. त्यातलं एक वाक्य तोंडातून निघालं नाही. एवढंच म्हणाले, "आई, माझ्यासाठी थांबू नका."

"तुला तुझ्या बाचं तोंड बघायचं न्हाय?"

"बघायचंय."

"मग?"

मला रडू फुटलं. तेवढ्यात फोन बंद झाला. तिनं ठेवला की तुटला, मला कळलं नाही. परत लावला तर सारखा एंगेज. सांत्वनाचे फोन सुरू झाले असणार. शेवटी मी नवऱ्याला घरी मुलीजवळ ठेवून बस पकडली.

साडेअकरा वाजले तेव्हा गाडी हुमनाबादच्या स्टँडवर होती. समोर एसटीडीचा बूथ होता. मी उतरले, बूथपर्यंत गेले आणि परत येऊन बसले. ‘नाही’ ऐकायची भीती होती, आणि तेवढीच ‘हो’ ऐकायचीही. पुढच्या साऱ्या वाटेवर मला हे माहीत नव्हतं, की मी कुठले आप्पा बघायला चालले आहे.

घरी पोचले तर दाराबाहेर चपलांचा ढीग होता. बायका सरकल्या. आप्पा बर्फाच्या लाद्यांवर होते, पांढऱ्या चादरीत. मी त्यांच्या चेहऱ्याकडे बघितलं. शेकडो चेहरे हाताळलेली मी, पापण्यांच्या कडेला, डोळ्यांच्या कोपऱ्यात खूण शोधत राहिले, आणि मला सांगता येईना. दुपारी जेवून पडायचे तसेच दिसत होते. मी आईकडे बघितलं.

"धा वाजता यून गेली ती मानसं," आई म्हणाली. "फ्रेमला धक्का लागत न्हाय म्हणलं हुतं ह्यांनी. बघ, लागलाय का."

दादानं नंतर सगळं सांगितलं. फोन ठेवल्यावर आई बराच वेळ त्या भिंतीवरच्या कार्डाखाली बसून होती. मग उठून तिनं दादाला नेत्रपेढीला फोन लावायला सांगितलं, स्वतः पंखा बंद केला, आप्पांच्या पापण्या मिटवून त्यावर ओला कापूस ठेवला. कार्डाच्या मागं छापलेल्या या सूचना आप्पांनी तिला कधीतरी वाचून दाखवल्या होत्या. आत्ती कडाडल्या, तर त्यांना म्हणाली, "अक्का, आयुष्यभर काचा बदलल्या त्यांनी. त्यांची त्यांना दिऊ दे की." टेक्निशियन पोरगा आला, त्याला "पावनं, चपला भाईर काढा," असं दरडावून आत घेतलं. त्यानं सगळ्यांना खोलीबाहेर जायची विनंती केली. सगळे गेले. आई गेली नाही.

"मी बसलो हितंच," ती मला म्हणाली. "पापणी बी न लवता बघत बसलो. तुझ्या वाटणीचं बी बघून घेतलं."

इतकी वर्षं हैदराबादेत लोकांनी हसून हसून माझ्या तोंडून घालवलेलं ते ‘बसलो’ ऐकलं आणि मग मी तिच्या मांडीवर डोकं ठेवून पोटभर रडले.

पुण्यानुमोदनाच्या, म्हणजे आमच्यातल्या दिवसकार्याच्या दिवशी नेत्रपेढीचं पत्र आलं. दोघांना दिसायला लागलं होतं. नावं अर्थातच नव्हती. आईनं विचारलं, कोण म्हणून. मी म्हटलं, सांगत नाहीत, मलाही आमच्या लोकांना सांगता येत नाही. "न्हाय तर न्हाय," ती म्हणाली. "हे तरी काच बसवून आलं की त्या घरात पुना कुठं जायचं."

याला आता बरीच वर्षं झाली. दुकान दादा बघतो. घरच्या भिंतीवर आप्पांच्या कार्डाशेजारी अजून एक कार्ड आलं, तशाच फ्रेममध्ये. त्याबद्दल आईनं मला काही सांगितलं नव्हतं. दादाकडून कळलं म्हणून मी फोन केला, आणि फार छान केलंस असं काहीतरी नोकरीतलं बोलले. ती तोडूनच म्हणाली, "मी मेल्यावर तुझ्यासाठी थांबायचं न्हाय, ते कळालंय मला. पर आत्ता वाट बघितली तर चालतंय न्हवं? मग ये की."

तेव्हापासून मी दर दोन महिन्यांनी जाते. घर म्हणजे काय, यावर गाव सोडलेली आम्ही माणसं एकत्र जमलो की फार बोलतो. कुणाला तांबडा रस्सा आठवतो, कुणाला रंकाळा. मलाही आठवतात. पण माझ्यासाठी घर म्हणजे ती जागा, जिनं एकदा माझ्या सांगण्यावरून माझी वाट बघितली नाही. त्या एका वेळेचं भरून काढायला मी जाते.

पहाटे स्टँडवर उतरते, रिक्षानं घरी पोचते. आई उंबऱ्याच्या आत उभी असते. मी बॅग घेऊन पुढं व्हायला गेले की ती दारात हात आडवा धरते, आणि चष्मा वर करून माझ्या तोंडाकडे बघत राहते.

"थांब की," म्हणते. "बघू दे आदी."

मी थांबते.