चांदाची एकोणीस तारीख

माझा नातू शारजात युनिव्हर्सिटीत शिकतो. परवा तो मित्रांबरोबर समुद्रावर निघाला होता, फुजैराच्या बाजूला. पाच पोरं, एक उसनी गाडी आणि घरून नेलेले डबे. सूनबाई डबे भरता भरता मला सांगत होती, "बाबा, तिकडे एक सँडविच पंधरा दिरहमला. म्हणजे साडेतीनशे रुपये झाले! त्यापेक्षा घरची चपाती-खिमा काय वाईट?" मी आपला शारजातल्या अल मजाजमधल्या आमच्या चौदाव्या मजल्यावरच्या घराच्या खिडकीत बसून खालच्या खाडीकडे बघत होतो. आता तिला लगून म्हणतात. कडेने फरशी, कारंजी आणि बाकं आहेत.

"भरती कधी आहे बघितलंस का?" मी नातवाला विचारलं.

"दादा, चिल. लो टाइड ॲट नाइन. इट्स ऑन द फोन."

नऊ वाजता ओहोटी! मला हसू फुटलं. साठ वर्षांपूर्वी मीसुद्धा असंच छातीठोकपणे सांगितलं होतं की नऊला ओहोटी. फोन नव्हता, पण माझ्याकडे गणित होतं. तेही अशा माणसाचं, जो गणितातच नापास झाला होता.

तेव्हा मी मुंबईला कॉलेजात होतो. मार्चच्या परीक्षेत बाकी सगळं सुटलं, गणित राहिलं. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं होतं. अब्बा तेव्हा दुबईत एका कापडाच्या व्यापाऱ्याच्या गोडाऊनवर होते. त्यांनी पत्र पाठवलं की मुंबईत हॉस्टेलवर दंगा चालतो, तू इकडे ये आणि शांतपणे अभ्यास कर. रत्नागिरीकडच्या आमच्या गावातून ते गेले तेव्हा मी शाळेत होतो. मधल्या नऊ वर्षांत ते दोनदाच घरी आले होते. दुसऱ्यांदा आले तेव्हा त्यांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता. गोडाऊनमध्ये गाठोडं अंगावर पडलं होतं. पत्रात त्यांनी ते कधीच लिहिलं नव्हतं.

दुबईच्या देरा भागात एका खोलीत अब्बा धरून चार माणसं राहत, त्यात मी पाचवा झालो. खोलीतल्या मुरूडच्या काकांचा पुतण्याही तेव्हाच आला होता, तो सहावा; त्याला सगळे मुरूडवाला म्हणायचे. त्याचं इंग्रजी राहिलं होतं. खोलीतले लोक आम्हाला नापासांची जोडी म्हणायचे, आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. दोन महिने आम्ही घामाने निथळत पुस्तकं उघडून बसलो. अब्बा सकाळी जायचे ते अंधार पडल्यावर यायचे. मी इथे येऊनही बापलेकांची भेट अशी झालीच नव्हती.

आमची परतीची बोट शुक्रवारी होती. धक्क्यावरून संध्याकाळी पाच वाजता लाँच सुटायची आणि बाहेर समुद्रात उभ्या असलेल्या बोटीवर माणसं नेऊन घालायची. बोट मुंबईला पोचल्यावर चौथ्या दिवशी माझा गणिताचा पेपर होता. पुढची बोट थेट पुढच्या आठवड्यात. म्हणजे ही चुकली तर पेपर गेला, आणि पेपर गेला तर माझं काय होणार हे खोलीत सगळ्यांना ठाऊक होतं. अब्बांच्या शेठने सांगूनच ठेवलं होतं की पोराला जमत नसेल तर गोडाऊनवर लावून टाक.

पण शुक्रवार हाच अब्बांचा एकुलता सुट्टीचा दिवस. मला मनापासून वाटत होतं की जाण्याआधी एक दिवस तरी त्यांच्याबरोबर कुठेतरी जावं. हिंडायला खिशात काही नव्हतं, पण फुकटची सोय निघाली. ओळखीचा एक बलुची ड्रायव्हर शुक्रवारी पहाटे रिकामी पिंपं घेऊन शारजाला जायचा आणि जुम्म्याच्या नमाजानंतर परत यायचा. तो म्हणाला, "पीछे बैठो, यल्ला." मुरूडच्या काकांनी तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटाची चटणी फडक्यात बांधून दिली. अब्बा, मी आणि मुरूडवाला, तिघांची सहल तयार झाली.

अब्बा का-कू करत होते. "बोटीच्या दिवशी कशाला भलतं? सामान बांधून गप बसा."

तेव्हा मी माझं गणित काढलं. खरं तर ते त्यांचंच होतं, गावी मालाच्या होडीवर, पडावावर, खलाशी असताना त्यांनीच मला लहानपणी शिकवलेलं. चांदाची तारीख घ्यायची, पंधराच्या वर असेल तर पंधरा वजा करायचे, उरलेल्याची पाऊणपट करायची, की भरती किती वाजता ते निघतं. आमच्याकडे हिंदू असो की मुसलमान, कोळी असो की खलाशी, सगळ्यांचा समुद्र याच हिशेबावर चालतो. कुणी तिथी धरतो, कुणी चांद, एवढाच फरक.

"चांदाची एकोणीस," मी म्हणालो. "पंधरा गेले, चार उरले. चाराची पाऊणपट तीन. तीनला भरती, म्हणजे नऊला पूर्ण ओहोटी. साडेसातला खाडी ओलांडू, साडेदहाला परत. जाताना जेवढं पाणी, येताना तेवढंच."

अब्बा माझ्याकडे बघतच राहिले. त्यांच्या चेहऱ्यावर असं काही पसरलं की मी लाजलो. पोराला गणित येतंय, असं त्यांना वाटलं असणार. "बरोबर आहे," ते म्हणाले. नऊ वर्षं दुबईत राहून या माणसाने इथली भरती-ओहोटी एकदाही काठावर बसून बघितली नव्हती. त्यामुळे आपलं गणित इथे चालतं का, हा प्रश्न ना त्यांना पडला ना मला. पासपोर्ट आणि तिकिटं खोलीत ठेवायला ते तयार नव्हते. मेणकापडाच्या पिशवीत घालून त्यांनी ती बनियनच्या आत गळ्यात अडकवली.

शारजाच्या अलीकडे ड्रायव्हरने आम्हाला याच, आता माझ्या खिडकीखालच्या खाडीपाशी सोडलं, नमाजानंतर गावातल्या मशिदीबाहेर भेटायचं ठरवून. पलीकडे वाळूची लांब पट्टी होती आणि पट्टीच्या मागे खरा समुद्र. मध्ये शंभर-सव्वाशे पावलांचं पाणी. आम्ही पायजमे वर करून निघालो. पाणी कसंबसं पोटऱ्यांना लागलं. "अजून उतरेल," मी म्हणालो. काय तो माझा रुबाब!

पट्टीवर चिटपाखरू नव्हतं. मी अब्बांना असं कधी पाहिलं नव्हतं. आधी ते पाण्याच्या कडेला नुसते उभे राहिले. मग पायाच्या अंगठ्याने वाळू उकरू लागले. आमच्याकडे तिसऱ्यांचे शिंपले काढताना उकरतात तसं. थोड्या वेळाने खरोखरच शिंपले निघाले. जरा वेगळे होते, पण शिंपलेच. "ये, ये, इथे आहेत!" ते ओरडले. पन्नाशीचा माणूस, पांढरी दाढी, पायजमा गुडघ्यापर्यंत भिजलेला, आणि फडक्यात शिंपले गोळा करत पळतोय. भाकरी खाताना त्यांनी मला बोटीवरच्या, खलाशीपणाच्या गोष्टी सांगितल्या. घरी त्या कधी सांगितल्या नव्हत्या. मग वाळूवर आडवे झाले आणि डोळा लागला.

मुरूडवाला म्हणाला, "उठवूया का? नऊ वाजून गेले."

"झोपू दे रे. अजून दीड तास आहे." त्यांची झोप मोडायला माझं मन होईना. आठवड्याचे सहा दिवस हा माणूस गाठोडी उचलतो, दोन घटका झोपला तर काय बिघडलं? वाराही छान सुटला होता. आम्ही दोघं समुद्राकडे तोंड करून बसलो होतो. खाडी आमच्या पाठीमागे होती.

दहाच्या सुमाराला मी सहज मागे वळलो. सकाळची ती पोटरीभर खाडी आता काठोकाठ हिरवी होती आणि जोरात वाहत होती. पलीकडचा काठ दुप्पट लांब गेल्यासारखा वाटला. आम्ही धावत कडेला गेलो. मुरूडवाला शर्ट काढून उतरला. दहा पावलांत पाणी गळ्यापर्यंत आलं, पुढच्या दोन हातांत ओढीने त्याला बाजूला नेलं. धडपडत, खोकत तो परत वाळूवर आला.

"अजून चढतंय," तो म्हणाला. "तुझी ओहोटी कुठे गेली?"

अब्बा जागे होऊन मागे येऊन उभे होते. मला वाटलं, आता ते बोलणार. ते फक्त पाण्याकडे बघत होते आणि ओठ हलवत पुन्हा आकडेमोड करत होते. चार, पाऊणपट, तीन. पुन्हा तेच उत्तर.

"तुम्ही दोघं पोहून जा," शेवटी ते म्हणाले. "कागद डोक्याला बांधा. मी पाणी उतरलं की येईन."

त्या हाताने ते पोहू शकत नव्हते. आणि खारं पाणी लागलं तर पासपोर्टाचं काय झालं असतं ते सांगायला नको. मी म्हणालो, "मी तुम्हाला सोडून जाणार नाही. गेली बोट तर गेली. मी इथेच राहतो, गोडाऊनवर काम करतो. तुम्हालाही सोबत होईल."

आयुष्यात अब्बा माझ्यावर एकदाच ओरडले, ते तेव्हा. "नऊ वर्षं मी गाठोडी कशासाठी उचलली? तू उचलावीस म्हणून?" त्यांचा आवाज फाटला. "माझा हात बघ. बघ नीट!" त्यांनी हात वर करायचा प्रयत्न केला. तो खांद्यापाशी थांबला. मी खाली बघितलं. मला रडू आलं आणि ते मी लपवलंही नाही. आपल्या शहाणपणापायी या माणसाच्या नऊ वर्षांवर पाणी पडणार, असं मला स्पष्ट दिसत होतं.

अकराच्या पुढे पट्टीच्या टोकाकडून एक लहान होडी येताना दिसली. आम्ही फडकी हलवत सुटलो. होडीत एक म्हातारा अरब कोळी होता, जाळं गोळा करून ठेवलेलं, अंगात धुतलेला स्वच्छ पायघोळ कंदुरा. तो जुम्म्याच्या नमाजाला गावात निघाला होता. आमची दशा बघून तो आधी पोटभर हसला. त्या किनाऱ्यावर तेव्हा सगळ्यांना थोडंफार हिंदी यायचं. मी त्याला माझं गणित सांगितलं. त्याने आकाशाकडे बोट केलं, मग पाण्याकडे.

"तेरा चांद ठीक," तो म्हणाला. "बहर दूसरा, टाइम दूसरा. इधर दो पानी बराबर नहीं. खोर में पानी देर तक चढ़ता. हवा आया तो जास्ती. खलास."

समुद्र वेगळा, त्याच्या वेळा वेगळ्या. इथल्या दोन भरत्या सारख्या नसतात, खाडीत पाणी उशिरापर्यंत चढत राहतं, वारा असला तर आणखी चढतं. इथल्या पोराटोरांना ठाऊक असलेली गोष्ट. होडी इतकी लहान होती की दोन खेपा लागल्या. पहिल्या खेपेत मी आणि अब्बा कमरेएवढ्या पाण्यातून होडीत चढलो. होडीत बसूनही त्यांनी गळ्यातली पिशवी काढून डाव्या हाताने डोक्यावर धरली होती. कोळी म्हणाला, "हबीबी, नीचे रखो, नाव में है." पण ऐकतील तर शपथ. पलीकडे पाय टेकले तेव्हा कुठे माझा जीव भांड्यात पडला. शिंपल्यांचं फडकं आम्ही कोळ्यापुढे केलं. त्याने आत बघितलं, नाक मुरडलं आणि परत दिलं.

ओल्या कपड्यांनीच आम्ही त्याच्या मागच्या रांगेत नमाज पढलो. बाहेर ट्रक उभा होता. आम्हाला बघून ड्रायव्हर म्हणाला, "पाँच मिनट और देखता, फिर इन्शाल्ला चला जाता." पिंपांमध्ये बसून वाटभर आम्ही तिघं हसत होतो. कशाला ते सांगता येणार नाही. मुरूडवाला सारखा "चाराची पाऊणपट" म्हणायचा आणि अब्बा पुन्हा हसायला लागायचे.

खोलीवरून सामान उचलून पावणेपाचला आम्ही धक्क्यावर होतो. अब्बांनी पिशवीतून पासपोर्ट आणि तिकीट काढलं, पानं उलटून बघितली आणि माझ्या हातात दिली. कोरडी होती. त्यांचा सदरा मात्र अजून दमट होता आणि खाली मिठाची पांढरी रेघ उमटली होती. मी म्हणालो, "अब्बा, माझं गणित चुकलं."

"गणित बरोबर होतं तुझं," ते म्हणाले. "समुद्र निराळा निघाला. पेपरात समुद्र नसतो. जा, बिनघोर लिही."

मी पास झालो. फार मार्क नाहीत, पण सुटलो. पत्राने कळवलं. उत्तरात अब्बांनी दोन ओळींत आनंद झाल्याचं लिहिलं, आईला सलाम, आणि पत्राच्या अगदी खाली, सहीनंतर, बारीक अक्षरात आणखी एक ओळ होती. आदल्या शुक्रवारची चांदाची तारीख आणि शारजाच्या खाडीला पाणी किती वाजता भरलं, किती वाजता उतरलं. पुढच्या पत्रात पुढच्या शुक्रवारची. त्याच्या पुढच्यात त्याच्या पुढची. दर शुक्रवारी ते त्या बलुची ड्रायव्हरच्या ट्रकमागे बसून जात होते आणि काठावर बसून पाण्याकडे बघत होते.

ती पत्रं माझ्याकडे आहेत. नातू गेल्यावर मी एक काढून वाचलं. चौदा महिन्यांनंतरचं आहे ते. खाली वेळा दिल्यात आणि पुढे लिहिलंय, "आता हिशेब बसला आहे. तू आलास की चालत जाऊ, चालत येऊ."