पोपटीच्या चार ओळी

आपटा गावच्या गंगाबाईंचे वाल पनवेलच्या बाजारात हातोहात खपायचे. शेंग हिरवीगार, डाग नावाला नाही. मावा दिसला रे दिसला की त्या जहाल औषध फवारायच्या. घरामागच्या चार ओळींना मात्र औषधाचा थेंब लागू द्यायच्या नाहीत. त्या शेंगा पोपटीच्या. मडक्यात भांबुर्डीच्या पाल्यात भाजून घरचीच माणसं खाणार, तिथे विष कशाला?

२०११च्या जानेवारीत नव्या सुनेने, किशोरीने, पोपटीसाठी चुकून बाजारच्या शेतातल्या शेंगा तोडल्या. कळलं तेव्हा मडकं जाळावर होतं. गंगाबाईंनी ते काठीने फोडलं.

"परवाच औषध मारलंय त्यावर! मरायचं हाय काय?"

किशोरी शांतपणे म्हणाली, "आई, माझं माहेर पनवेलचं. आम्ही बाजारातलेच वाल खात आलो."

गंगाबाईंना त्या रात्री जेवण गेलं नाही. सकाळी औषधाची बाटली त्यांनी दुकानदारापुढे आदळली. "हे माझ्या शेतात परत येणार नाय."

पुढच्या हंगामात त्यांनी निंबोळ्या कुटून अर्क काढला, पहाटे दवाने ओल्या पानांवर चुलीतली राख उधळली. शेंगा कमी आल्या, डागही पडले. शेजारी हसले. "हसा," गंगाबाई म्हणाल्या, "मी काय थांबत नाय."

जानेवारीत पोपटी ठरली. किशोरीने टोपली उचलली आणि दारातच थबकली. घरामागे या वर्षी वाल पेरलेच नव्हते.

"आई, शेंगा कुठून तोडू?"

"कुठून पण तोड."