मक्याच्या दाण्यांवर पाय

दोन हजार सालाच्या आगेमागे माझी मुलांसाठीची पुस्तकमालिका बऱ्यापैकी चालत होती. माया लोकांच्या पुराणकथांवर बेतलेली: पाताळात उतरणारी जुळी भावंडं, मृत्यूचे सरदार, त्यांचे निरोप आणणारी घुबडं. मेक्सिको सोडाच, मी इगतपुरीच्या पुढेही फारशी गेले नव्हते. सगळं वाचनालयातून उचललेलं. पण दोन-चार सत्कार झाले आणि माझं नाक वर झालं.

नाशिकमधल्या एका शाळेनं स्नेहसंमेलनासाठी पहिल्या भागाचं नाटक बसवलं आणि मला तालमीला बोलावलं. जुळ्यांतली बहीण झाली होती पेठ तालुक्याकडची, वसतिगृहात राहणारी सातवीतली मुलगी. आवाज खणखणीत, पाठांतर चोख. तिचे वडील खास नाटक बघायला एसटीनं येणार होते, हे तिनं मला दोनदा सांगितलं.

एका प्रसंगात सरदार मागे लागतात. बहीण वाटेत मक्याचे दाणे ओतते, त्यांवरून झपाझप धावत सुटते आणि सरदार घसरून आपटतात. शाळेनं खरेच दाणे आणले होते. मुलीनं ते ओतले आणि कडेकडेनं गेली. दुसऱ्यांदाही तसंच.

"अगं, वरून धाव," मी म्हणाले.

"दाणं हायत," ती खाली बघत म्हणाली. "पाय नाय लावत आमच्यात."

"पूजा नाही ही. नाटक आहे."

ती हलली नाही. शिक्षिका म्हणाल्या, खडे ठेवू या. पण माझ्या नाकावर राग. पुस्तकात मका आहे, तर मकाच. हिला बदला, मी सांगून टाकलं. मुलगी रडली नाही. तिला लाकडी माणसांच्या घोळक्यात उभं केलं; तोंडावर पुठ्ठ्याचा मुखवटा, वाक्य एकही नाही.

माझ्याच पुस्तकात देव आधी लाकडाची माणसं करतात. त्यांना काळीज नसतं म्हणून ती मोडतात आणि मक्याच्या पिठातून नवी घडवतात, तीच आपण. हे मी प्रत्येक भागात रंगवून लिहिलं होतं. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण.

नाटकाला टाळ्या पडल्या. नव्या मुलीनं दाणे छान तुडवले. पडदा पडल्यावर माझ्या हातातला गुच्छ बघून इस्त्रीच्या सदऱ्यातला एक माणूस जवळ आला.

"मॅडम, आमची पोर त्या मुखवटेवाल्यांत कंची व्हती?"

"मागच्या रांगेत. डावीकडून तिसरी," मी म्हणाले. मला माहीत नव्हतं. तोंडाला आलं ते सांगितलं. त्यानं मान डोलावली, समाधानानं. तेव्हा मला लाज वाटली, आणि ती अजून गेलेली नाही.

माफी मागायची म्हणून मी रंगमंचावर गेले. मुखवटा बाजूला ठेवून ती एकटीच गुडघ्यांवर बसली होती, एकेक दाणा वेचून ओढणीत टाकत. मी तिच्यासमोर उभी राहिले. बोलायला तोंड उघडलं, तशी तिनं वर पाहिलं आणि हळूच म्हणाली, "मॅडम, पाय."

माझ्या चपलेखाली दाणे होते.