कॅसेट पलटणारा

एका जुन्या इंग्रजी रॉक बँडचे सगळे अल्बम आमचा जुन्या मित्रांचा व्हॉट्सॲप ग्रुप पहिल्यापासून पुन्हा ऐकतोय, दर रविवारी एक. काल त्यांचं वीस मिनिटांचं गाणं मोबाइलवर मध्ये न तुटता वाजलं, आणि मला सिरसाळ्यातल्या सलीमच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानातला, तारांना डाख देताना उठणारा धूर आठवला.

तिथं हे गाणं कॅसेटच्या दोन बाजूंत तुटलेलं होतं. सलीम आणि आमचा मित्र विकास डोळे मिटून टेबलावर सात मात्रांचा ठेका धरायचे. मला तो कधी सापडला नाही, म्हणून कॅसेट पलटायचं काम माझ्याकडे. एकदा बाजू संपली तरी मी मुद्दाम बसून राहिलो.

"हे पोट भरलेल्यांचं संगीत हाय," मी म्हणालो. तेव्हा मी चळवळीची पत्रकं वाटत फिरायचो.

"पत्रक नको वाचू बे," सलीम डोळे न उघडता म्हणाला, "पलट."

दोघं हसले. मी पलटली. वाटलं, तत्त्वासाठी चिडलोय. खरं तर एका लयीत हलणारी त्यांची बोटं मला बघवत नव्हती.

काल गाणं संपल्यावर सलीमनं ग्रुपवर लिहिलं, "विकास, मधी आपण कॅसेट पलटायचो, आठवतं का?"

'आपण नाही, मी पलटायचो,' असं मी लिहिलं. गावभर पत्रकं वाटलेल्या मला ते एक वाक्य पाठवता आलं नाही.