हत्तींनी उरकलेला सत्यनारायण

कोलकात्यात डमडमच्या सोसायटीत कुणाला हत्तींविषयी शंका असेल, तर त्यानं ती लिफ्टपाशी उभ्या असलेल्या श्यामराव टिळेकरांना विचारावी. लिफ्ट येऊन जाते, व्याख्यान चालूच राहतं.

गृहस्थ मूळचे सांगलीचे. एस्प्लनेडच्या एका कंपनीत हिशेब तपासत होते, तिथून साहेबांनी त्यांना समाजकार्याच्या खात्यात ढकललं. कंपनीनं झारग्रामकडच्या एका गावाला हलका झटका देणारं सौरकुंपण दिलं होतं, जंगलातले हत्ती भातात उतरू नयेत म्हणून. सांभाळायचं मात्र गावानं. गाव तयार झालं, की श्यामरावांची पुण्याला बदली, असा साहेबांचा शब्द. पुण्यात मुलगी आणि तान्ही नात. साहजिकच हत्तींबद्दलचा जिव्हाळा एकदम उफाळून आला.

गावात जाऊन मोडक्या बंगालीत ते सांगायचे, "परसात केळी लावू नका. वासानं हत्ती घरापर्यंत येतो." गावकरी माना डोलवायचे आणि घरी जाऊन केळींना पाणी घालायचे. सुभद्रादी महातो तर तोंडावर म्हणाल्या, "बाबू, ही केळ माझ्या सासूनं लावलीय. कुंपण तुमचं, तुम्हीच सांभाळा."

कुंपणाच्या उद्घाटनाचा दिवस ठरला. एवढ्या शुभकार्याला सत्यनारायण नको?

"अहो, तिकडे मागितलाय का कुणी?" त्यांच्या पत्नीनं, अनुराधाबाईंनी विचारलं.

"गाव वळवायचं तर देवाला मध्ये घ्यावं लागतं," श्यामराव म्हणाले. आणि हावड्याच्या बाजारातून चौरंगाला बांधायला चार केळीचे खांब घेऊन आले, हिरवेगार, पानांसकट. शिवाय शिऱ्यासाठी पिकलेल्या केळ्यांचा घड. एक हजार वेळा दिलेलं व्याख्यान गाडीच्या डिकीत बसून निघालं, पण वक्त्याला पत्ता नव्हता.

चौरंग मांडला कुंपणाच्या फाटकाशी. पाहुण्यांची गैरसोय नको म्हणून फाटक सताड उघडं. संध्याकाळी कथा रंगात आली आणि सालवृक्षांच्या झाडीतून तीन हत्ती आले. कुंपणाला सोंडही न लावता, रीतसर फाटकातून.

सगळे शाळेच्या गच्चीवर. सोवळं सावरत श्यामरावही. खाली हत्तींनी आधी खांब मोडून खाल्ले, मग शिऱ्याची परात चाटूनपुसून साफ केली. भाताकडे वळणार तोच वनखात्याची माणसं मशाली घेऊन आली आणि त्यांनी हत्तींना परत जंगलात वळवलं. श्यामरावांना त्यांच्यापाठोपाठ आपलं पुणंही जाताना दिसलं.

सुभद्रादी शेजारीच बसल्या होत्या. "बाबू, तुमच्या भाषणात मला झोप यायची. आज डोळे उघडले."

"म्हणजे?"

"उद्या माझी केळ तोडते. दुसऱ्यांनाही तोडायला लावते. कुंपणही आम्हीच बघू. फाटक तुमच्या हातात राहिलं, तर हत्तींची पंगत रोज बसेल."

गाव तयार झालं. ऑफिसात टाळ्या पडल्या. साहेबांनी श्यामरावांच्या पाठीवर हात ठेवला. "टिळेकर, लोकांच्या गळी उतरवावं तर तुम्हीच. पुण्याला दुसरा कुणीही जाईल. आणखी गावं वाट बघतायत."

श्यामरावांनी घरी येऊन पुण्यासाठी काढलेली बॅग परत माळ्यावर टाकली. अनुराधाबाईंनी काय ते ओळखलं आणि मुलीला फोन लावला.

"तूच ये बाळाला घेऊन. तुझ्या बाबांना हत्तींनी सोडलं गं, साहेब काही सोडत नाहीत."